प्रमोशन नाकारलं, आता स्वतःचं काढायचंय, पण त्या रागाचं करायचं काय?

एकाने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमा मेकॅनिकल, चाकणला ऑटो पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला सात वर्षं, दोनदा प्रमोशन हुकलं आणि दुसऱ्यांदा ज्याला मिळालं तो यानेच शिकवून तयार केलेला पोरगा. बाहेर इंटरव्ह्यू दिले तर "डिग्री नाही" म्हणून एचआरनेच कटवलं. घरी बायको, लहान मुलगी, फ्लॅटचा हप्ता. आणि डोक्यात एकच, की स्वतःचा धंदा टाकून या सगळ्यांना दाखवून द्यायचं. हा राग मोटिव्हेशन म्हणून वापरता येईल का?

मी भोसरीत जिग-फिक्स्चर आणि गेजेसचं (पार्ट पकडायची आणि तपासायची साधनं) वर्कशॉप चालवतो, बरीच वर्षं झाली, त्याआधी मीही नोकरीत होतो आणि माझीही खुर्ची दुसऱ्यालाच मिळाली होती. त्यामुळे लहान भाऊ समजून अरे-तुरे करतोय, वाईट वाटून घेऊ नकोस.

राग वापरता येतो, का नाही येणार. पण तो कुठपर्यंत पुरतो ते माहीत पाहिजे. राजीनामा टाईप करायला, बायकोला समजवायला, सुट्टीच्या दिवशी अंघोळ करून चार कंपन्यांच्या गेटवर जाऊन उभं राहायला, एवढ्याला तो पुरतो. पहिलं पेमेंट अडकलं की संपला, कारण ज्या अकाउंट्सवाल्याने तुझं बिल दाबून ठेवलंय त्याला तुझा बॉस कोण होता आणि त्याने तुला किती छळलं याच्याशी काही घेणंदेणं नसतं, तो फक्त म्हणणार "जीआरएन झालाय, माल पोचल्याची नोंद आहे, पण बिल अजून बुक नाही, सोमवारी फोन करा".

आणि रागाचा खरा तोटा वेगळाच आहे, जो मी एमआयडीसीत पुन्हा पुन्हा बघितलाय. नाकारला गेलेला माणूस धंदा काढतो तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर गिऱ्हाईक नसतं, जुना मॅनेजर असतो. मग पैसा कुठे जातो बघ. गाळा घ्यायचा तर मेन रोडवरचा, आत काचेची केबिन, उद्घाटनाला सत्यनारायण आणि दीडदोनशे माणसांचं जेवण, व्हिजिटिंग कार्डवर फाउंडर अँड सीईओ, आणि सगळ्यात वाईट म्हणजे कर्ज काढून कोरी करकरीत व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन, का तर मशीन दिसते, तिला हार घालून फोटो काढता येतो, स्टेटसला ठेवता येतो. हप्ता पुढच्या महिन्यापासून चालू, मशीनवर लावायला काम नाही, मग नुसता हप्ता निघावा म्हणून बाजारभावाच्या खाली जॉबवर्क उचलायचं, रात्रपाळी चालवायची, टूलचा खर्च हिशोबातच धरायचा नाही. काही दिवसांनी मशीन विकायला काढली म्हणून व्हॉट्सअॅपवर फोटो फिरतो, तोच हारवाला. ज्याला दाखवायचं होतं तो मॅनेजर एव्हाना तिसऱ्याच कंपनीत गेलेला असतो, त्याला यातलं काही कळलेलंही नसतं.

म्हणून राग थोडा बाजूला ठेव आणि आधी जे काम तुला रोज येतं ते कर. लाईनवर पार्ट रिजेक्ट झाला, कस्टमर कम्प्लेंट आली की तू काय करतोस? चिडत बसत नाहीस, एट-डी भरतोस (तक्रारीचं कारण आणि उपाय लिहायचा ठरलेला रिपोर्ट), व्हाय-व्हाय करतोस (मूळ कारण सापडेपर्यंत "का" विचारणं), आणि सप्लायरने "ऑपरेटरची चूक, ट्रेनिंग दिलं" असं लिहून आणलं तर त्याच्या तोंडावर परत फेकतोस. मग स्वतःच्या केसला "मॅनेजमेंट पॉलिटिक्स" एवढंच रूट कॉज लिहून कसं चालेल? पॉलिटिक्स असेलही. पण निदान पाच वेळा "का" विचार. कस्टमर ऑडिटला प्रेझेंटेशन कोण द्यायचं, तू का तो? प्लांट हेडसमोर आकडे मांडताना तुझी गाडी अडायची का? खालची माणसं तुझं ऐकायची का नुसती घाबरायची? आणि हे कुणाला विचारायचं, तर ज्याला प्रमोशन मिळालं त्या पोरालाच चहाला घेऊन जा. जीवावर येईल, पण तो तुझ्याच हाताखाली शिकलाय, बॉसपेक्षा खरं तो सांगेल.

याचा धंद्याशी काय संबंध असं म्हणशील. संबंध असा की तुझ्यात खरंच एखादी गोष्ट कमी असल्यामुळे नाकारलं गेलं असेल तर ती कमी धंद्यात झाकली जात नाही, उलट उघडी पडते. नोकरीत तुझ्याऐवजी बोलायला मॅनेजर होता, धंद्यात परचेस हेडसमोर तूच बसणार. पण डिग्री नाही म्हणून एचआरच्या चाळणीतच गळला असशील तर गोष्ट निराळी. पार्ट घेणारा कस्टमर डिग्री विचारत नाही, तो पीपीएपी (पार्ट चालू करायच्या आधीची मंजुरीची कागदपत्रं) अप्रूव्ह झालं का, सीपीके (माप किती सातत्याने हद्दीत बसतं तो आकडा) किती आला आणि माझी लाईन थांबणार नाही ना एवढंच विचारतो. तुझं जे नाकारलं गेलं ते आणि तुला जे येतं ते, या दोन गोष्टी वेगळ्या करून कागदावर लिहून काढ.

किरण मुजुमदार-शॉ यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण अर्धं. ऑस्ट्रेलियात जाऊन बिअर बनवण्याचं शास्त्र शिकल्या, 1975 च्या सुमारास परत आल्या आणि इथे ब्रूमास्टरची नोकरी मिळेना, का तर हे बायकांचं काम नाही. 1978 मध्ये बंगलोरला भाड्याच्या गॅरेजमध्ये 10,000 रुपयांवर बायोकॉन चालू केली, इथपर्यंत सगळे सांगतात. पण पहिला माल काय होता? पपईच्या चिकापासून काढलेलं पपेन आणि माशापासून काढलेलं आयसिंग्लास. दोन्ही बिअर नितळ करायला लागतात. म्हणजे ज्या इंडस्ट्रीने आत घेतलं नाही त्याच इंडस्ट्रीला लागणारा कच्चा माल त्यांनी बनवला, अंगातली विद्या एक गुंजभरही वाया घालवली नाही, आणि सोबत आयर्लंडची कंपनी भागीदार होती म्हणजे माल कुणाला जाणार हे पहिल्या दिवशी माहीत होतं. रागाच्या भरात त्यांनी साड्यांचं दुकान टाकलं नाही. आपल्याकडे उलटं चालतं, क्वालिटीत सात वर्षं घासलेला माणूस नोकरीवर चिडून मिसळची फ्रँचायझी घेतो. मिसळ वाईट नाही, पण त्यात तुझी सात वर्षं शून्य होतात आणि कांदा कितीला घ्यायचा इथपासून सुरुवात.

आणि ते व्हॉट्सअॅपवाल्या ब्रायन अॅक्टनचं रील, की 2009 मध्ये ट्विटर आणि फेसबुक दोघांनी नाकारलं आणि 2014 मध्ये फेसबुकनेच 19 अब्ज डॉलरला कंपनी घेतली. खरं आहे, पण त्याआधी तो माणूस अकरा वर्षं याहूत होता, गाठीला पैसा होता, ओळखी होत्या, हे कुठल्याच रीलमध्ये येत नाही. तुझ्याकडे फ्लॅटचा हप्ता आहे. रील बघायचं तर बघ, हिशोब स्वतःचा कर.

मला विचारशील तर आपल्या कामाचं उदाहरण घरचंच आहे, लक्ष्मणराव किर्लोस्कर. जन्म 1869 चा. चित्रकार व्हायला मुंबईला गेले तर रंग नीट ओळखता येत नाहीत असं निघालं, ते दार बंद झालं. मग मेकॅनिकल ड्रॉइंग शिकले आणि तेव्हाच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आपल्या व्हीजेटीआयमध्ये, शिकवायला लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला पुढे केलं. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठलं. आता इथे थांबून नीट बघ, कारण गोष्ट सांगणारे इथेच घाई करतात. बेळगावला येऊन "आता काय करू" असा प्रश्न त्यांना नव्हता. मुंबईला नोकरी करत असतानाच ते सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवायचे, तिकडे भाऊ रामूअण्णा त्या विकायचे आणि चालवायला शिकवायचे पैसे वेगळे घ्यायचे. दुकान आधीपासून चालू होतं, डावलल्यावर ते फक्त तिकडे पूर्णवेळ गेले.

पुढे कडबा कापायचं यंत्र केलं, मग लोखंडी नांगर केला. आणि नांगर काही केल्या खपेना. लोखंडाने जमिनीला विष बाधतं असा शेतकऱ्यांचा समज होता, लाकडी नांगरावर पिढ्या गेल्या होत्या. आता मला सांग, व्हीजेटीआयच्या साहेबाचा राग इथे कुठल्या कामाचा? शेतकऱ्याने नाही म्हटलं तर त्याच्यावर चिडून चालत नाही, त्याला बढती द्यायची नव्हती, त्याला जमिनीची काळजी होती. तिथे शेतात नांगर चालवून दाखवत थांबायचं, एवढंच हातात. ते थांबले. बेळगावची जागा म्युनिसिपालिटीपायी सोडावी लागली तेव्हा औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, 10,000 रुपये कर्ज दिलं, आणि 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहायला लागली. नोकरीतला एक नकार आणि धंद्यातला बाजाराचा नकार, यात हा फरक आहे. नोकरीतला वर्षातून एकदा येतो आणि जिव्हारी लागतो, धंद्यातला दर आठवड्याला येतो, कोटेशनवर उत्तरच येत नाही, सॅम्पल परत येतं, ट्रायल ऑर्डर झाली की माणूस फोन उचलत नाही. दर नकाराला तुला तो जुना मॅनेजर आठवायला लागला तर वर्षभरात डोक्याचा भुगा होईल.

आता तुझं. मशीन घेऊ नकोस, हे एकदा परत सांगतो. तुझ्या हातात जे आहे त्याला मशीन लागत नाही. चाकण-रांजणगाव पट्ट्यात थर्ड पार्टी इन्स्पेक्शन (दुसऱ्याचा माल तपासून देणं), सॉर्टिंग, रीवर्क, रेसिडेंट इंजिनिअर (सप्लायरतर्फे कस्टमरच्या प्लांटमध्ये बसणारा माणूस) पुरवणं हा आख्खा धंदा आहे. संभाजीनगरच्या नाहीतर कोल्हापूरच्या सप्लायरचा लॉट चाकणला कस्टमरच्या गेटवर अडकला की त्याला रात्री अकरा वाजता अशी माणसं पाहिजे असतात जी सकाळच्या शिफ्टच्या आत चार हजार पार्ट गो-नोगो गेजने (पार्ट मापात बसतो का नाही एवढंच सांगणारं) तपासून, चांगले वेगळे करून, मार्किंग करून, रिपोर्टसकट उभे करतील. त्याला लागतं काय, दोन व्हर्निअर आणि हाईट गेज ही मोजायची साधनं, ती बरोबर मोजतात याची कॅलिब्रेशन सर्टिफिकेट्स, सेफ्टी शूज, गेट पाससाठी माणसांचे पीएफ-ईएसआयचे कागद, एक टेम्पोवाला ओळखीचा, आणि तू. दुसरं काम म्हणजे छोट्या वर्कशॉपची कागदपत्रं. भोसरी, चिखली, तळवड्यात मिलिंग-टर्निंग सोन्यासारखं करणारी माणसं आहेत ज्यांना कंट्रोल प्लॅन आणि पीएफएमईए (पार्ट कुठे तपासायचा आणि कुठे बिघडू शकतो याची कागदपत्रं) म्हटलं की घाम फुटतो, आणि त्यावाचून नवीन पार्ट मिळत नाही. ते महिन्याला ठराविक पैसे देऊन असा माणूस ठेवायला तयार असतात. फिक्स्चर-गेज बनवणं हे तिसरं, पण ते डिझाईन तू कर आणि मशीनिंग बाहेरून करून घे, माझ्यासारखे बसलेत त्यासाठी.

नोकरी सोडायच्या आधी काही गोष्टी उरकून घे, त्या रागात विसरतात. घरासाठी किंवा टॉपअपसाठी लोन लागणार असेल तर सॅलरी स्लिप हातात आहे तोवर मंजूर करून घे, नंतर बँक दोन-तीन वर्षांचे रिटर्न मागते. कंपनीचा मेडिक्लेम नोकरीबरोबर जातो, तेव्हा स्वतःची पॉलिसी आधी काढ, कारण आधीपासूनच्या दुखण्यांना वेटिंग पिरियड 3 वर्षांपर्यंत असू शकतो. सात वर्षं सलग झालीत म्हणजे ग्रॅच्युइटी तुझ्या हक्काची आहे, शेवटचा महिन्याचा पगार (मुख्यतः बेसिक अधिक डीए), गुणिले 15, भागिले 26, गुणिले वर्षं, आकडा काढून ठेव. त्या पैशाला गाळ्याचं डिपॉझिट समजू नको, तो घरखर्च आहे. आणि कंपनीची ड्रॉइंग, कस्टमरच्या फाईली पेनड्राईव्हवर घेऊन बाहेर पडू नकोस. अपॉइंटमेंट लेटरमध्ये "सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही" असं लिहिलेलं असतं त्याला लोक फार घाबरतात, करार कायद्याच्या कलम 27 मुळे असली अट सोडल्यानंतर सहसा टिकत नाही, पण ड्रॉइंग चोरणं हा वेगळा मामला, तिथे तू खरोखर अडकशील.

पैशाचं जरा सविस्तर सांगतो कारण माणसं इथेच मोडतात. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणी, फुकट आहे, आधारवर स्वतःच होतं, सायबरवाल्याला दोन हजार देऊ नकोस, आणि तो नंबर प्रत्येक बिलावर छाप. सर्व्हिसला जीएसटीची मर्यादा 20 लाखांची आहे खरी, पण जीएसटी नंबर नसेल तर बऱ्याच कंपन्या व्हेंडर कोडच उघडत नाहीत, म्हणजे सप्लायर म्हणून नोंदच करत नाहीत, म्हणून घ्यावाच लागतो. आणि मग गंमत बघ, एक लाखाचं बिल केलंस, त्यावर 18,000 जीएसटी, तो तुला पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला भरायचाय, आणि कस्टमर देणार नव्वद दिवसांनी. म्हणजे न आलेल्या पैशावरचा टॅक्स तू खिशातून भरतोस, वर पोरांचा पगार सात तारखेला. काम जेवढं वाढेल तेवढा हा खड्डा मोठा होतो, हे कुणी सांगत नाही. ऑर्डर आली म्हणून पेढे वाटणाऱ्याला मी आधी विचारतो, पेमेंट टर्म काय आहे.

कायदा तुझ्या बाजूने आहे, 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे 45 दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज, आणि आयकराच्या नियमामुळे (1961 च्या कायद्यात 43बी(एच)) वेळेत न दिलेली रक्कम कंपनीला त्या वर्षी खर्चात धरता येत नाही. म्हणून मार्चमध्ये अचानक जुनी बिलं निघतात, अनुभव आहे. सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रारही करता येते, पण एकुलत्या एका कस्टमरवर कुणी तक्रार करत नाही, तो शेवटचा रस्ता. त्यापेक्षा मोठी कंपनी असेल तर ट्रेड्स या ऑनलाइन बिल-बाजारावर आहे का विचार, 250 कोटींवर उलाढाल असलेल्यांना तिथे नोंदणी सक्तीची झालीय. तिथे कंपनीने बिल मान्य केलं की बँका बोली लावून पैसे आधी देतात, थोडं व्याज कापतात, पण झोप लागते.

सरकारी योजनेचं सगळे विचारतात. पीएमईजीपी म्हणजे नव्या धंद्याला कर्जावर सबसिडी देणारी केंद्राची योजना. तिच्या 2025-26 पर्यंतच्या नियमांत मॅन्युफॅक्चरिंगला 50 लाख आणि सर्व्हिसला 20 लाखांपर्यंतचा प्रकल्प बसतो, सबसिडी सर्वसाधारण गटाला शहरात 15 आणि ग्रामीणला 25 टक्के, पण ती तीन वर्षं बँकेत अडकलेली असते, लगेच हातात येत नाही. जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन बस, माहिती घे. फक्त सबसिडी जास्त मिळते म्हणून प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशीन वाढवू नकोस, सीए लोक ते आनंदाने करून देतात.

घरच्यांचं म्हणशील तर वडील विरोध करणारच, आणि सासुरवाडीला लग्नात कुणीतरी मुद्दाम मोठ्याने विचारणार "सध्या काय चाललंय मग?" त्याला इलाज नाही. बायकोला मात्र खरा आकडा सांग, किती महिने घर चालेल एवढे पैसे बाजूला आहेत तो. "सगळं ठीक होईल" असं सांगू नकोस, आकडा सांग. तो आकडा संपेपर्यंत दुसरं गिऱ्हाईक आलं नाही तर परत नोकरी बघायची हे दोघांनी आधीच ठरवा, म्हणजे नंतर भांडण होत नाही.

आणि पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं, तर तुझी यादी तयार आहे, तुला दिसत नाहीये इतकंच. सात वर्षं तू सप्लायरचे पार्ट रिजेक्ट करत आलास ना? त्यातले दहा-बारा तरी असे असतील ज्यांना तू नुसता लाल टॅग लावून पाठवलं नाहीस, तर कुठे चुकतंय ते शॉपवर जाऊन दाखवलंस. ते तुला ओळखतात, तुझ्या डिग्रीला नाही. पण एक पथ्य पाळ. तू कंपनीच्या पगारावर आहेस आणि त्यांचा माल तपासतोयस तोवर त्यांच्याकडून एक रुपया घ्यायचा नाही, चहाच्या पुढे काही नाही, नाहीतर धंदा सुरू व्हायच्या आधी नाव जाईल आणि या पट्ट्यात नाव गेलं की कुणी गेटच्या आत घेत नाही. आत्ता फक्त विचारायचं, की महिन्यात किती वेळा माल अडकतो, सॉर्टिंगला कुणाला बोलावता, किती देता, आणि त्याचं काय आवडत नाही. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहून घे. तिघं-चौघांनी एकच तक्रार सांगितली, समजा रिपोर्ट वेळेवर येत नाही किंवा सॉर्ट केलेल्या लॉटमध्ये परत खराब पार्ट निघतात, तर तुझं कोटेशन त्या वाक्यापासून सुरू होतं. आणि चौघांनीही "आमचा आहे तो बरा आहे" म्हटलं, तर राजीनामा अजून ड्राफ्टमध्येच राहू दे.